ब्लेड की ब्लेडलेस? त्याआधी कॉर्नियाचा नकाशा मागा

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं लेझरने चष्मा घालवण्याबद्दलची आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना एकच काळजी आहे. त्यामुळे पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते. बाकीच्यांची उत्तरं त्याच्याच आधाराने देता येतील.

प्रश्न : माझं वय 26. दोन्ही डोळ्यांना मायनस पाच नंबर आहे, गेली तीन वर्षं बदललेला नाही. एका डॉक्टरांनी तपासून लॅसिक करता येईल असं सांगितलं. त्यांच्याकडे ब्लेडने करतात. दुसरीकडे गेले तर म्हणाले, 'ब्लेड आता कोण वापरतं? ब्लेडलेसच करा.' तिथे खर्च बराच जास्त आहे. डोळ्यावर ब्लेड फिरणार या कल्पनेनेच माझी झोप उडाली आहे. खरंच ब्लेडने धोका असतो का?

आधी भीतीचं बघू. लॅसिकमध्ये दोन टप्पे असतात. डोळ्याच्या सर्वांत पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, वरच्या बाजूने एक पातळ पापुद्रा सोडवायचा. तो एका बाजूला जोडलेलाच ठेवून उलटायचा. खालच्या थरावर एक्सायमर लेझर मारून कॉर्नियाचा आकार बदलायचा आणि पापुद्रा परत जागेवर बसवायचा. तुमचा नंबर जातो तो दुसऱ्या टप्प्यात, आणि तो टप्पा दोन्ही पद्धतींत सारखाच आहे. ब्लेड की ब्लेडलेस हा फरक फक्त पापुद्रा कसा सोडवला, एवढ्यापुरता आहे. ब्लेडलेस लॅसिकमध्येही पापुद्रा निघतोच. 'ब्लेडलेस म्हणजे काही कापत नाहीत' असं समजून येणारे पेशंट मला दर आठवड्याला भेटतात, म्हणून हे स्पष्ट सांगते.

ब्लेडच्या पद्धतीत मायक्रोकेराटोम नावाचं छोटं यंत्र असतं. डोळ्यावर एक कडी बसवून ती हवेच्या ओढीने घट्ट धरतात आणि तिच्यावरून वेगाने थरथरणारं पातं काही सेकंदांत सरकतं. तुमच्या बाजूने सांगायचं तर थेंबांमुळे डोळा बधिर असतो, त्यामुळे दुखत नाही. पण दाब चांगलाच जाणवतो, नजर अंधारत जाते आणि कानाशी घरघर ऐकू येते. हे अंधारणं आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो आणि नेमका त्याच क्षणी हलतो. म्हणून मी माझ्या पेशंटला कडी लावायच्या आधी मोठ्याने सांगते, 'आता काळोख होईल, तो होणारच आहे.'

ब्लेडलेसमध्ये तेच काम फेम्टोसेकंद लेझर करतो. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे एक फेम्टोसेकंद. अशा काहीशे फेम्टोसेकंदांचा प्रत्येक ठोका कॉर्नियाच्या आत ठरवलेल्या खोलीवर एक सूक्ष्म बुडबुडा तयार करतो. टपाल तिकिटांच्या पानावर छिद्रांची रांग असते, तसे हे बुडबुडे शेजारी शेजारी पडत जातात, आणि मग सर्जन बोथट, चपट्या सळईने पापुद्रा अलगद सोडवतो. इथेही डोळा हवेच्या ओढीने धरावाच लागतो. दाब बहुधा कमी असतो, पण जरा जास्त वेळ राहतो. दोन्ही पद्धतींत डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग उमटू शकतात. ते दिसायला भयंकर दिसतात आणि दोनेक आठवड्यांत आपोआप जातात.

आता धोक्याचा खरा हिशेब. तो मायक्रॉनमध्ये करावा लागतो. 1000 मायक्रॉन म्हणजे 1 मिलिमीटर. सर्वसाधारण कॉर्निया मध्यभागी 540 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. एक्सायमर लेझर दर एका नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन खर्च करतो. तुमचे पाच नंबर म्हणजे सुमारे 70 मायक्रॉन. पापुद्रा 110 चा धरला तर 540 मधून 180 गेले, खाली 360 उरले. पापुद्र्याखाली किमान 250 मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत, हा जुना नियम. आज माझ्यासारखे बरेच सर्जन 300 च्या खाली उतरायला तयार नसतात. कारण परत बसवलेला पापुद्रा कॉर्नियाला फारसा आधार देत नाही. डोळ्याच्या आतला दाब पेलायचा असतो तो उरलेल्या थराला.

फरक पडतो तो इथे. फेम्टोसेकंद लेझरला 110 सांगितलं तर पापुद्रा 110 च्या अगदी जवळपास येतो आणि मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा जाड असतो. पात्याला 130 सांगितलं तरी तो कधी 110 चा, कधी 160 चा निघू शकतो, आणि मध्ये पातळ, कडेला जाड असतो. तुमचा कॉर्निया 540 चा असेल तर पापुद्रा 160 चा निघाला तरी खाली 310 उरतात. तेवढ्याने तुमचं बिघडत नाही. कॉर्निया 500 चा असता तर मात्र तेच 160 मला नको झाले असते. म्हणून तुमच्या पत्रात मला हवा असलेला आणि नेमका नसलेला आकडा म्हणजे कॉर्नियाची जाडी. दोन्ही डॉक्टरांनी ती मोजली असणार. ती मागून घ्या. सोबत कॉर्नियाचा रंगीत नकाशाही मागा. त्याला टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी म्हणतात.

पात्याचा दुसरा प्रश्न कॉर्नियाच्या वळणाचा. फार उभार कॉर्नियावर पापुद्र्याला मध्येच भोक पडू शकतं, फार सपाट कॉर्नियावर पापुद्रा पूर्ण सुटून हातात येऊ शकतो. पातं सरकत असताना ओढ सुटली तर पापुद्रा अर्धवट राहतो. असं काहीही झालं तर एकच शहाणपण असतं : पापुद्रा होता तसा परत बसवायचा, पुढचं लेझर मारायचं नाही आणि काही महिने थांबायचं. अशा प्रसंगी 'आलोच आहोत तर उरकून टाकू' म्हणणाऱ्याच्या हाती डोळा देऊ नये. फेम्टोसेकंद लेझरमध्ये ओढ सुटली तर बहुतेक वेळा पुन्हा लावून त्याच बैठकीत काम पूर्ण करता येतं, कारण तोवर काहीच उचललेलं नसतं. माझ्या लेखी या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच.

तोटे तिच्यातही आहेत. बुडबुड्यांचा वायू थरांत अडकून कॉर्निया थोडा वेळ पांढुरका होतो आणि तो निवळेपर्यंत थांबावं लागतं. पापुद्र्याखाली सूज येण्याचा त्रास जुन्या, जास्त ऊर्जेच्या यंत्रांत पात्यापेक्षा जास्त दिसायचा. आणि कॉर्नियावर जुन्या जखमेचा पांढरा व्रण असेल तर लेझरचा किरण तिथे नीट पोचत नाही, वायू भलतीकडून वर फुटू शकतो. अशा डोळ्याला पातं सरस ठरू शकतं. याउलट कडेचा काप लेझरने हवा तसा उभा घेता येतो, त्यामुळे पापुद्रा अधिक पक्का बसतो.

शेवटी नजर कुणाची चांगली येते? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2007 साली प्रसिद्ध केलेला एक छोटा पण नेटका अभ्यास मी पेशंटना नेहमी सांगते. त्यात प्रत्येकाच्या एका डोळ्याला पातं आणि दुसऱ्याला फेम्टोसेकंद लेझर वापरला होता. सहा महिन्यांनंतर नजरेत फरक सापडला नाही, आणि त्या माणसांनाही आपल्या दोन डोळ्यांत फरक जाणवला नाही.

तेव्हा माझं मत : दोन्ही यंत्रं हाताशी असतील तर मी फेम्टोसेकंद घेते, आणि माझ्या घरच्या माणसाचा डोळा असता तरी तेच केलं असतं. मी बरीच वर्षं मायक्रोकेराटोमवर काम केलं आहे, आणि खोलीच्या अंदाजापायी वाटायची ती धाकधूक नव्या यंत्राने कमी केली. पण कॉर्निया भरपूर जाड, वळण मध्यम, नकाशा स्वच्छ आणि हात रोजच्या सवयीचा असेल, तर ब्लेडचं लॅसिक धोकादायक म्हणणं खरं नाही. ज्या डॉक्टरांनी 'ब्लेडलेसच करा' म्हटलं, त्यांना विचारा, 'माझ्या कॉर्नियात असं काय आहे की तुम्हाला ब्लेड नको वाटतं?' उत्तरात तुमचे आकडे आले तर ऐका. नुसतं 'नवीन तंत्र आहे' एवढंच आलं तर ते तुमच्या डोळ्याबद्दल बोलत नाहीत.

प्रश्न : माझा कॉर्निया 485 मायक्रॉन आहे म्हणून एका ठिकाणी लॅसिकला नकार मिळाला. ब्लेडलेसमध्ये पापुद्रा पातळ निघतो असं वाचलं. मग मला ते चालेल ना? नंबर मायनस साडेसहा.

पहिल्या उत्तरातला हिशेब तुम्हाला लावू. साडेसहा नंबराचे 90 मायक्रॉन, पापुद्र्याचे 100. उरतात 295. कागदावर हा आकडा 250 च्या वर आहे, म्हणून कुणीतरी तुम्हाला हो म्हणेलही. मी म्हणणार नाही. एकूण जाडीतला जवळजवळ 40 टक्के भाग यात हलवला जातो, आणि तेवढ्यापासून पुढे धोका वाढतो.

धोका कसला, तेही सांगते. कमकुवत झालेला कॉर्निया हळूहळू पुढे फुगत जातो. त्याला एक्टेझिया म्हणतात. लॅसिकनंतरच्या एक्टेझियाची पहिली नोंद 1998 मधली आहे. शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी, कधी वर्षांनी नजर पुन्हा वाकडी-तिकडी होऊ लागते आणि चष्म्यानेही पूर्ण सुधारत नाही. ज्यांचा कॉर्निया मुळात केराटोकोनसकडे, म्हणजे पातळ होत शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराकडे, झुकलेला असतो त्यांना हा धोका सर्वांत जास्त, आणि हे झुकणं सुरुवातीला फक्त नकाशावर दिसतं. नकाशाचा खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त उभार दिसत असेल, दोन डोळ्यांचे नकाशे एकमेकांशी जुळत नसतील, किंवा कॉर्नियाची मागची बाजू फुगीर असेल, तर पापुद्रा पात्याने काढा नाहीतर लेझरने, मी त्या डोळ्यावर लॅसिक करत नाही. तुम्हाला डोळे चोळायची सवय आहे का, घरात कुणाला केराटोकोनस आहे का, हे पत्रात नाही. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा.

नकाशा निर्मळ असेल तर दोन वाटा उरतात. एक पीआरके : यात पापुद्रा नसतो, वरची नाजूक त्वचा बाजूला करून थेट पृष्ठभागावर लेझर मारतात. तुमच्या जाडीला आणि नंबराला तीही जपूनच वापरावी लागेल. दुसरी वाट डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवायच्या लेन्सची. तिच्यात कॉर्निया झिजवावा लागत नाही, पण ती डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे आणि तिच्यासाठी आत पुरेशी जागा आहे का हे वेगळं मोजावं लागतं. तुमच्या आकड्यांवर मला ही दुसरी वाट जास्त पटते. आणि ज्यांनी तुम्हाला नकार दिला त्यांच्याकडे पुन्हा जा. पेशंटला नाही म्हणणारा सर्जन मोलाचा असतो.

प्रश्न : मी बॉक्सिंग करतो. पापुद्रा कालांतराने पूर्ण जुळून येतो का?

नाही. कडेला तो चांगला धरतो, आतला भाग मात्र मूळच्या कॉर्नियाइतका कधीच पक्का होत नाही. जोराच्या फटक्याने पापुद्रा वर्षांनंतरही सरकल्याच्या नोंदी आहेत. लेझरने काढलेला पापुद्रा जास्त घट्ट बसतो हे खरं, पण बॉक्सरच्या डोळ्यासाठी मला तेवढं पुरेसं वाटत नाही.

तुमच्यासाठी पीआरके बघा. तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, चुरचुरतो, पाणी वाहतं, वर पट्टीसारखी लेन्स घालून ठेवावी लागते आणि नजर स्थिरावायला काही आठवडे जातात. हे सगळं सोसून हाती येतो तो पापुद्रा नसलेला डोळा. स्माइल नावाची पद्धतही आहे. तिच्यात फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आत एक पातळ चकती कोरतो आणि ती दोन ते चार मिलिमीटरच्या छोट्या छेदातून ओढून काढतात. तिथेही उघडणारा पापुद्रा नसतो. प्लस नंबर असेल तर मात्र ती सहसा वापरत नाहीत.

प्रश्न : पाच आठवड्यांपूर्वी ब्लेडलेस लॅसिक झालं. नजर उत्तम आहे, पण गेल्या आठवड्यापासून उजेड सहन होत नाही. घरातही गॉगल लावावा लागतो. डॉक्टर तपासून म्हणाले, डोळा अगदी छान आहे. मग मला वेड लागलंय का?

मुळीच नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं आणि वेळ दोन्ही फेम्टोसेकंद लेझरनंतरच्या एका ओळखीच्या त्रासाशी जुळतात. नजर स्वच्छ, तपासणीत काही दिसत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी अचानक उजेड बोचायला लागतो. जुन्या यंत्रांत तो जास्त दिसायचा. ऊर्जा कमी केल्यावर कमी झाला. स्टिरॉइडच्या थेंबांनी बहुतेक वेळा तो आटोक्यात येतो. पण ते थेंब स्वतःच्या मनाने घालू नका, त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो. डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि नेमकं असं सांगा : 'सुरुवातीला उजेडाचा त्रास नव्हता, चौथ्या आठवड्यात सुरू झाला.' नुसतं 'त्रास होतो' म्हटलं तर हा धागा हातातून सुटतो. लाली, दुखणं किंवा नजर धूसर होणं यांपैकी काही सोबत असेल तर त्याच दिवशी गाठा.

प्रश्न : मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. डोळ्यावर लेझर मारायची कल्पना मुळात कुणाला सुचली?

फार आवडीचा प्रश्न विचारलात. सुरुवात लेझरच्या आधीची आहे. पुढे कोलंबियातल्या बोगोटा शहरात काम केलेल्या होसे बाराकेर या सर्जनने 1949 मध्ये मांडलं की कॉर्नियाचाच आकार बदलून नंबर घालवता येईल. तो कॉर्नियाची चकती काढून गोठवायचा, लेथवर घासायचा आणि परत शिवायचा. चकती एकसारखी निघावी म्हणून त्याने जे यंत्र घडवलं, त्याचाच वंशज आजचा मायक्रोकेराटोम.

घासायचं काम लेझरकडे आलं ते रंगस्वामी श्रीनिवासन यांच्यामुळे. मद्रासमध्ये जन्मलेले हे रसायनशास्त्रज्ञ न्यू यॉर्क राज्यात आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. 1981 च्या थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्याच्या कूर्चेवर 193 नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर सोडला. काप पडला, पण आजूबाजूला भाजल्याची खूण नव्हती. हा लेझर पेशी जाळत नाही, रेणूंमधले बंध तोडतो. (शस्त्रक्रियेच्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो तो या तुटलेल्या रेणूंचा. डोळा जळत नसतो, हे मी प्रत्येकाला आधी सांगते.) 1983 मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने श्रीनिवासन यांच्या साथीने तोच लेझर कॉर्नियावर वापरून पाहिला. पुढे 1990 च्या सुमारास ग्रीसमधल्या क्रीट बेटावर इयोआनिस पालिकारिस यांनी पापुद्रा आणि एक्सायमर यांची सांगड घातली आणि लॅसिक जन्माला आलं.

फेम्टोसेकंद लेझरची हकिकत तर अपघाताची. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगन विद्यापीठात जेरार्ड मूरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून किरण गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरला, रॉन कर्ट्झ यांना, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) जी इजा दिसली ती कमालीची रेखीव होती, भोवती पसरलेली नव्हती. इतकं नेमकं कापणारा किरण शस्त्रक्रियेला वापरता येईल, हा विचार तिथून सुरू झाला. अशा अतिलघु ठोक्यांची शक्ती वाढवण्याच्या तंत्रासाठी मूरू आणि डोना स्ट्रिकलँड यांना 2018 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रश्न : वय 42, दिवसभर कॉम्प्युटर, डोळे कोरडे पडतात. ब्लेडलेसने कोरडेपणा टळेल का?

टळणार नाही. पापुद्रा कसाही काढला तरी कॉर्नियाच्या बारीक नसा तुटतात आणि अश्रूंचा इशारा देणाऱ्या त्याच असतात. त्या पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष जातं. आधी कोरडेपणाची तपासणी आणि उपचार, मग शस्त्रक्रियेचा विचार. शिवाय तुमच्या वयाला चाळिशी लागते. लांबचा नंबर गेला की जवळचं वाचायला चष्मा लागेल, आणि आज तुम्ही मायनसचा चष्मा काढून जे आरामात वाचता ते तसं वाचता येणार नाही. एका डोळ्यात थोडा मायनस राखून ठेवता येतो. तो तुम्हाला मानवेल का हे आधी कॉन्टॅक्ट लेन्सवर करून बघा.

प्रश्न : मुलगी 17 वर्षांची, नंबर दर वर्षी अर्ध्याने वाढतो. सुट्टीत ब्लेडलेस उरकून घ्यावं का?

नको. वय किमान 18 हवं, माझ्या मते 21 बरं, आणि नंबर निदान वर्षभर हललेला नसावा. वाढता नंबर आज काढला तर वाढ थांबत नाही. ती कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर कधीही तपासणीला नेताना मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद करा. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा नकाशा खोटा येतो.

प्रश्न : लॅसिक होऊन गेलं. आता जुने कागद टाकून दिले तर चालतील का?

टाकू नका. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाचं वळण, जाडी आणि किती मायक्रॉन काढले याची नोंद जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की डोळ्यात बसवायच्या लेन्सची पॉवर काढताना नेहमीची सूत्रं लॅसिक झालेल्या डोळ्यावर चुकतात. मायनस नंबर काढलेला असेल तर लेन्स गरजेपेक्षा कमी पॉवरची निवडली जाते आणि डोळा प्लसकडे जातो. तो हिशेब दुरुस्त करायला हे जुने आकडे फार कामी येतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि मोतीबिंदूच्या डॉक्टरांना लॅसिक झाल्याचं पहिल्याच भेटीत सांगा. वरवर बघून ते दर वेळी ओळखू येत नाही.